पाच-एकने जिंकूनही बरोबरी: इंग्लिश फुटबॉलमधील प्लेऑफची उपांत्य फेरी समजून घेताना

१८ मे २०२३ रोजी रात्री शेफील्डमधील हिल्सबरो मैदानावर शेफील्ड वेन्सडेने पीटरबरो युनायटेडवर ५-१ अशी मात केली, आणि तरीही १२० मिनिटांच्या खेळानंतर दोन्ही संघ बरोबरीत होते. भारतात तोवर मध्यरात्र उलटून बराच वेळ झाला होता. सकाळी उठून मोबाइलवर निकाल पाहणाऱ्याला एकाच लढतीखाली ५-१, ५-५ आणि ५-३ असे तीन आकडे दिसत होते. तिन्ही खरे होते, पण इंग्लिश फुटबॉल नेमाने न पाहणाऱ्या माणसाला त्यांपैकी एकाचाही अर्थ धड लागण्यासारखा नव्हता. दर मे महिन्यात बढतीसाठीच्या प्लेऑफ लढतींच्या बातम्या येऊ लागल्या की असाच गोंधळ उडतो, कारण लीगचा गुणतक्ता, दुहेरी सामने, जादा वेळ आणि पेनल्टी अशा चार निरनिराळ्या व्यवस्था या लढतींमध्ये एकावर एक रचलेल्या असतात. त्या सुट्या करून पाहायच्या, तर वेन्सडे आणि पीटरबरो यांच्यातील या उपांत्य फेरीइतके चांगले उदाहरण सापडणे अवघड आहे, कारण त्या एका लढतीत यांतील प्रत्येक व्यवस्था पार टोकाला जाऊन पोहोचली.

वर कोण जाते, खाली कोण येते

इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलच्या वरच्या चार विभागांत मिळून ९२ क्लब खेळतात. सर्वांत वर २० संघांची प्रीमियर लीग आहे, आणि तिच्याखाली प्रत्येकी २४ संघांचे चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू हे तीन विभाग आहेत. लीग वन हे नाव ऐकून तो पहिला विभाग असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो तिसरा आहे, आणि आपली लढत याच विभागातली.

आपल्याकडे आयपीएलमध्ये एखादा संघ तळाला राहिला, तरी पुढच्या वर्षी तो त्याच स्पर्धेत खेळतो. इंग्लंडमध्ये तसे नाही. प्रत्येक हंगामाच्या शेवटी तळाच्या संघांना खालच्या विभागात जावे लागते आणि खालच्या विभागातील सर्वोत्तम संघ वर येतात. या वर येण्याला आपण बढती म्हणू. लीग वनमधून दरवर्षी तीन संघांना चॅम्पियनशिपमध्ये बढती मिळते. प्रत्येक संघ उरलेल्या २३ संघांशी एकदा घरच्या आणि एकदा त्यांच्या मैदानावर, असे ४६ सामने खेळतो. विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एक गुण मिळतो. ऑगस्टपासून मेपर्यंत चालणाऱ्या या हंगामानंतर पहिले दोन संघ थेट वर जातात. तिसऱ्या जागेसाठी मात्र तक्त्यातील तिसरा, चौथा, पाचवा आणि सहावा असे चार संघ आपसात खेळतात. तिसरा विरुद्ध सहावा आणि चौथा विरुद्ध पाचवा अशा दोन उपांत्य लढती होतात, आणि विजेत्यांचा अंतिम सामना लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर होतो. या छोट्या स्पर्धेला प्लेऑफ म्हणतात.

२०२२-२३ च्या हंगामात लीग वनमध्ये प्लिमथ आर्गाइल १०१ गुणांसह पहिला आणि इप्सविच टाउन ९८ गुणांसह दुसरा आला, आणि दोघेही थेट चॅम्पियनशिपमध्ये गेले. वेन्सडे ९६ गुणांसह तिसरा राहिला. ९६ गुण ही लहानसहान मिळकत नव्हे. तिसऱ्या विभागात इतके गुण मिळवूनही थेट बढती न मिळण्याची वेळ त्याआधी कोणावर आली नव्हती. त्यांच्याखाली बार्न्सली ८६, बोल्टन वाँडरर्स ८१ आणि पीटरबरो ७७ अशी क्रमवारी होती.

पीटरबरोचा सहावा क्रमांक शेवटच्या दिवशी ठरला, आणि तो ठरवण्यात खुद्द वेन्सडेचा हात होता. त्या दिवशी पीटरबरोने बार्न्सलीला त्यांच्याच मैदानावर २-० असे हरवले, पण तेवढ्याने भागणार नव्हते. सहाव्या जागेवर दावा सांगणारा डर्बी काउंटीही घसरायला हवा होता. डर्बीचा सामना हिल्सबरोवर वेन्सडेशी होता. थेट बढतीची आशा संपलेल्या वेन्सडेने तो १-० असा जिंकला, डर्बी ७६ गुणांवर अडकला, आणि अशा रीतीने वेन्सडेने आपला उपांत्य फेरीतील प्रतिस्पर्धी स्वतःच्याच हाताने निवडून घेतला.

दोन सामने, एक निकाल

प्लेऑफची उपांत्य लढत दोन सामन्यांची असते. पहिला सामना तक्त्यात खाली असलेल्या संघाच्या मैदानावर होतो आणि परतीचा सामना वर असलेल्या संघाच्या मैदानावर. दोन्ही सामन्यांतील गोल एकत्र मोजले जातात. ही एकत्रित गोलसंख्या ज्याची जास्त, तो संघ पुढे जातो. कोणता सामना कोणी जिंकला याला स्वतंत्र किंमत नसते. क्रिकेट जाणणाऱ्या वाचकाने कसोटी सामन्याचे दोन डाव डोळ्यांपुढे आणावेत: दुसऱ्या डावात तुम्ही प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त धावा केल्या म्हणून सामना जिंकत नाही, पहिल्या डावातील पिछाडी आधी फेडावी लागते.

वेन्सडेच्या डोक्यावर अशी पिछाडी प्रचंड होती. १२ मे रोजी पीटरबरोच्या लंडन रोड मैदानावर झालेला पहिला सामना पीटरबरोने ४-० असा जिंकला. जॅक टेलर, जो वॉर्ड, क्वामे पोकू आणि जॉन्सन क्लार्क-हॅरिस या चौघांनी प्रत्येकी एक गोल केला. फुटबॉलमध्ये एका सामन्यात सरासरी दोन-तीन गोल होतात, हे लक्षात घेतले म्हणजे चार गोलांच्या अंतराचा अर्थ कळतो. इंग्लिश लीगच्या प्लेऑफमध्ये तोवर कोणत्याही संघाला चार गोलांची पिछाडी भरून काढता आली नव्हती.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण गैरसमज बहुधा इथेच होतो. लीगमधील गुण उपांत्य फेरीत सोबत येत नाहीत. वेन्सडेला पीटरबरोपेक्षा १९ गुण जास्त होते, पण त्या १९ गुणांचे रूपांतर अर्ध्या गोलातही होत नाही. दोन्ही संघ शून्यावरून सुरुवात करतात. प्लेऑफला गुणतक्त्याचा शेवटचा भाग समजणाऱ्याला हे अन्याय्य वाटते, आणि तसे वाटणे साहजिक आहे. ती तक्त्यानंतर सुरू होणारी स्वतंत्र स्पर्धा आहे आणि तक्ता फक्त तिचा प्रवेश ठरवतो, असे समजून पाहिले म्हणजे निदान नियमांची संगती लागते. ते नियम योग्य आहेत की नाहीत, हा पुढचा प्रश्न.

तिसऱ्या क्रमांकाला मग मिळते काय

परतीचा सामना घरी, एवढेच. वरवर पाहता यात विशेष काही नाही, कारण एकेक सामना दोघांच्याही घरी होतोच. फरक पडतो तो ९० मिनिटांनंतर. दोन्ही सामने मिळून गोल सारखे झाले, तर परतीच्या सामन्यालाच जोडून ३० मिनिटांची जादा वेळ खेळवली जाते आणि तरीही कोंडी फुटली नाही, तर पेनल्टींवर, म्हणजे दोन्ही संघांनी आळीपाळीने फक्त गोलरक्षकासमोर मारलेल्या फटक्यांवर, निर्णय होतो. याचा अर्थ असा, की लढत लांबली तर ती लांबते ती वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर, त्यांच्या प्रेक्षकांसमोर. एक संघ ९० मिनिटे घरी खेळतो आणि दुसऱ्याला १२० मिनिटे व वर पेनल्टी घरी मिळतात. लढत लांबली नाही, तर हे बक्षीस कागदावरच राहते. ४६ सामन्यांच्या मेहनतीचे एवढेच फळ मिळावे, हे मला कंजूषपणाचे वाटते. पण त्या रात्री वेन्सडेला याच फळाने तारले.

हिल्सबरोवरील १२० मिनिटे

चार गोलांनी पुढे असलेल्या संघापुढचा पेच बाहेरून दिसतो त्यापेक्षा अवघड असतो. पुढे जाऊन खेळावे, तर मागे मोकळी जागा सुटते. मागे थांबून बचाव करावा, तर चेंडू सतत प्रतिस्पर्ध्याकडे राहतो आणि गोल वाचवण्याची वेळ पुन:पुन्हा येते. पीटरबरोला सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचे पुत्र डॅरेन फर्ग्युसन यांचे मार्गदर्शन होते, आणि त्यांच्या संघाची त्या हंगामातली ताकद आक्रमणात होती, बचावात नव्हे. डॅरेन मूर यांच्या वेन्सडेला मात्र पेच असा उरलाच नव्हता. हातचे सगळे गेले असल्याने त्यांना फक्त पुढे जायचे होते, आणि त्यासाठी पहिला गोल लवकर हवा होता.

तो नवव्या मिनिटाला मिळाला. मायकल स्मिथने पेनल्टीवर गोल केला आणि पंचविसाव्या मिनिटाला ली ग्रेगरीने दुसरा. मध्यंतराला अंतर अर्धे झाले होते. ७१ व्या मिनिटाला रीस जेम्सने तिसरा गोल केला. (चेल्सीकडून खेळलेला रीस जेम्स वेगळा, नावे सारखी असल्याने समाजमाध्यमांवर यावरून दरवेळी घोळ होतो.) ९० मिनिटे पूर्ण झाली तेव्हा वेन्सडे ३-० ने पुढे होता आणि एकत्रित हिशेबात अजूनही एका गोलाने मागे.

फुटबॉलमध्ये दुखापती, बदली खेळाडू वगैरेंमुळे वाया गेलेला वेळ पंच शेवटी जोडतात. त्याच वेळेत, आठव्या मिनिटाला, पीटरबरोच्या गोलसमोर उंच चेंडू टाकण्यात आला. एव्हाना वेन्सडेचे बचावपटूही पुढे येऊन उभे राहिले होते. त्यांच्यापैकी उंचापुऱ्या एडन फ्लिंटने डोक्याने चेंडू खाली उतरवला, आणि तो जाऊन पडला लियम पामरच्या पायाशी. पामर हाही बचावपटूच, क्लबच्याच अकादमीत वाढलेला आणि एरवी गोल करण्यासाठी फारसा न ओळखला जाणारा. त्याने चेंडू जाळ्यात धाडला. सामना ४-०, एकत्रित ४-४.

लढत इथे वेन्सडेच्या बाजूने झुकली, असे कोणालाही वाटले असते. पण जादा वेळेच्या पहिल्या सत्राच्या अखेरीस चेंडू ग्रेगरीला लागून त्याच्याच संघाच्या गोलात गेला. दुसरा गोल करणाऱ्या खेळाडूच्याच नावावर आता स्वयंगोल लागला, आणि पीटरबरो एकत्रित ५-४ असा पुढे गेला. ११२ व्या मिनिटाला कॅलम पॅटरसनने वेन्सडेसाठी पाचवा गोल केला. म्हणून त्या रात्रीचा सामना ५-१, आणि दोन्ही मिळून हिशेब ५-५. उरला तिसरा आकडा, तो पेनल्टींचा. पीटरबरोच्या डॅन बटलरचा फटका आडव्या दांड्यावर आदळला, वेन्सडेच्या पाचही खेळाडूंनी गोल केले, आणि पाचवा गोल जॅक हंटने मारताच ५-३ असा निकाल लागला.

जुन्या नियमाने पीटरबरो पुढे गेला असता

वरील आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. युरोपातील क्लब स्पर्धा काही वर्षांपूर्वीपर्यंत पाहिलेल्यांना 'बाहेरच्या गोलचा नियम' आठवत असेल: एकत्रित गोल सारखे झाले, तर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर ज्याने जास्त गोल केले तो पुढे. पाहुण्या संघाने नुसता बचाव करत बसू नये, हा त्यामागचा हेतू होता. युरोपीय महासंघाने हा नियम २०२१-२२ पासून काढून टाकला. इंग्लिश लीगच्या प्लेऑफमध्ये तो त्याच्या दोन दशके आधीच रद्द झाला होता.

आता हिशेब करून पाहा. वेन्सडेने पीटरबरोच्या मैदानावर एकही गोल केला नव्हता. पीटरबरोच्या खात्यात हिल्सबरोवर एक गोल जमा झाला होता, मग तो ग्रेगरीच्या चुकीने का होईना. जुना नियम असता, तर ५-५ या बरोबरीत पीटरबरो पुढे गेला असता आणि पेनल्टींची वेळच आली नसती.

हा नियम प्लेऑफमधून गेला कसा, हे पाहिले की योगायोग आणखी गमतीचा होतो. १९९७ मध्ये उपांत्य फेरीत इप्सविच आणि शेफील्ड युनायटेड यांचे एकत्रित गोल ३-३ झाले आणि बाहेरच्या गोलांवर युनायटेड पुढे गेला. दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, इप्सविचने बोल्टनविरुद्ध पहिला सामना ०-१ असा गमावला आणि परतीचा सामना घरी जादा वेळेत ४-३ असा जिंकला; एकत्रित ४-४, आणि पुन्हा बाहेरच्या गोलांवर इप्सविच बाद. दोन्ही वेळा परतीचा सामना इप्सविचच्या घरी होता. म्हणजे तक्त्यात वर राहिल्याचे बक्षीस म्हणून त्यांना घरी मिळालेली जादा वेळ प्रत्यक्षात पाहुण्यांना बाहेरचा गोल करण्यासाठी आणखी ३० मिनिटे देत होती. बक्षिसाची शिक्षा होत होती. इप्सविचचे अध्यक्ष डेव्हिड शीपशँक्स यांनी या विरोधात आवाज उठवला आणि लीगने नियम रद्द केला.

२०२३ मध्ये दोन गुणांनी पुढे राहून वेन्सडेला थेट बढतीपासून रोखणारा संघ हाच इप्सविच. ज्या क्लबमुळे वेन्सडे प्लेऑफमध्ये अडकला, त्याच क्लबच्या जुन्या तक्रारीमुळे त्याची त्या रात्री सुटका झाली.

पण १९ गुणांचे अंतर पुसून टाकणे न्याय्य आहे का

नाही, असे माझे मत आहे. मात्र ते का पुसले जाते याची कारणे समजून घेण्याजोगी आहेत. प्लेऑफ १९८६-८७ च्या हंगामात सुरू झाले. त्याआधी तिसऱ्या विभागातील पहिले तीन संघ थेट वर जात, म्हणजे जुन्या पद्धतीत वेन्सडेला उपांत्य फेरी खेळावीच लागली नसती. १९८० च्या दशकाच्या मध्यावर इंग्लिश फुटबॉलची अवस्था वाईट होती. मैदाने रिकामी पडत होती, आणि १९८५ मधील ब्रॅडफर्डची आग व ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावरील दुर्घटना यांनी खेळाची प्रतिष्ठा पार धुळीला मिळवली होती. अशा वेळी क्लबांना प्रेक्षक हवे होते. हंगामाच्या शेवटच्या दोन महिन्यांत ज्या संघांना वर जायचे नाही आणि खालीही पडायचे नाही, त्यांच्या सामन्यांना कोण येणार? बढतीची आशा तिसऱ्याऐवजी सहाव्या क्रमांकापर्यंत ताणली, की दहाव्या-बाराव्या संघालाही एप्रिलमध्ये खेळण्यासारखे काहीतरी उरते. सुरुवातीच्या दोन वर्षांत प्लेऑफमध्ये वरच्या विभागातील एका संघालाही उतरवले जाई, कारण तेव्हा पहिल्या विभागातील संघांची संख्या कमी करायची होती. १९८९ पासून आजची रचना आली आणि १९९० पासून अंतिम लढत वेम्ब्लीवर एकाच सामन्यात होऊ लागली.

हा बदल टिकला, कारण नियमांवर मत देणारे क्लबच आहेत. हंगाम सुरू होताना आपण नेमके तिसरेच येऊ असे कोणालाही माहीत नसते, पण चौथा ते सहावा यांत कुठेतरी बसण्याची आशा बहुतेकांना असते. त्यामुळे एकाचे होणारे नुकसान बाकीच्यांना परवडते. २०१० मध्ये चॅम्पियनशिपमध्ये सहावा आलेल्या ब्लॅकपूलने उपांत्य फेरीत तिसऱ्या क्रमांकाच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला दोन्ही सामन्यांत हरवले आणि पुढे थेट प्रीमियर लीग गाठली. असे एक उदाहरण पुढची अनेक वर्षे मधल्या फळीतील क्लबांना झुलवत ठेवायला पुरते.

आयपीएलसारखी दुसरी संधी का नाही

भारतीय वाचकाला हा प्रश्न पडणारच. आयपीएलमध्ये २०११ पासून पहिल्या दोन संघांना अंतिम फेरीसाठी दोन संधी मिळतात, तर तिसऱ्या-चौथ्याला एका पराभवानंतर घरी जावे लागते. तक्त्यातील स्थानाला तिथे ठोस किंमत आहे. इंग्लिश प्लेऑफमध्ये पहिले दोन संघ आधीच वर गेलेले असल्याने दुसऱ्या संधीचा प्रश्न तिसऱ्या क्रमांकापुरता उरतो, आणि त्यासाठी सामने वाढवावे लागतील. मे महिन्यात, ४६ सामन्यांनंतर, त्याला जागा फारशी नाही.

पण दुसरा मार्ग इंग्लंडमध्येच आहे. लीग टूच्याही खालच्या नॅशनल लीगमध्ये २०१७-१८ पासून सहा संघांची प्लेऑफ होते. त्यात दुसरा आणि तिसरा संघ थेट उपांत्य फेरीत जातात, चौथ्या ते सातव्याला आधी एक फेरी खेळावी लागते, आणि उपांत्य सामना एकच असतो, तोही वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरी. बक्षीस इथे स्पष्ट दिसते. तरीही कोणाला वाटेल की यात सगळे सुरळीत होते, तर २०२३ च्याच मे महिन्यातील नॉट्स काउंटीचे उदाहरण पाहावे. हॉलिवूडच्या नटांनी विकत घेतलेल्या रेक्सहॅमने १११ गुण मिळवले, काउंटीने १०७, आणि थेट बढती मिळते फक्त पहिल्याला. घरच्या उपांत्य सामन्यात काउंटी दोन गोलांनी मागे पडला आणि जादा वेळेच्या अगदी शेवटी ३-२ असा वाचला. अंतिम सामनाही पेनल्टींवर गेला. १०७ गुणांचा संघ एका दुपारी बाद होता होता राहिला.

यावरून दोन सामन्यांच्या पद्धतीची एक जमेची बाजू दिसते. ९० मिनिटांत नशिबाचा एखादा फटका निकाल फिरवू शकतो. १८० मिनिटांत सरस संघाला सावरायला वेळ मिळतो. वेन्सडेला पहिल्या सामन्यानंतर सहा दिवस मिळाले नसते, तर ९६ गुणांचा हंगाम लंडन रोडवरच संपला असता. अर्थात एकच सामना असता, तर तो लंडन रोडवर झाला नसता, असा प्रतिवाद करता येतो, आणि तो बिनतोड आहे.

पेनल्टी म्हणजे निव्वळ जुगार नव्हे काय

हा आक्षेप जुना आहे, आणि अर्धाच खरा. बारा यार्डांवरून फटका मारणे हे कौशल्य आहे, सराव करण्याजोगे आहे, आणि दोन तास धावल्यानंतर ते दडपणाखाली करून दाखवणे हेही कौशल्यच. पण त्याचा सांघिक खेळाशी संबंध थोडा आहे, हेही मान्य करावे लागते. पूर्वी बरोबरी सुटली नाही तर फेरसामने होत, आणि प्लेऑफच्या पहिल्या काही वर्षांत तेही झाले. आता दूरचित्रवाणीचे वेळापत्रक, पोलीस बंदोबस्त आणि आठ-दहा दिवसांवर आलेली वेम्ब्लीची तारीख यांत फेरसामना बसवायचा कुठे?

या एका जागेची किंमत

इंग्लिश फुटबॉल लीग प्रक्षेपणातून मिळणारे केंद्रीय उत्पन्न आपल्या तीन विभागांत वाटते, तेव्हा चॅम्पियनशिपच्या वाट्याला ८० टक्के, लीग वनच्या वाट्याला १२ टक्के आणि लीग टूच्या वाट्याला ८ टक्के जातात. दोन्ही विभागांत संघ २४ असल्याने लीग वनमधून वर जाणाऱ्या क्लबचा हा वाटा सहापटीहून अधिक वाढतो. चॅम्पियनशिपमधून प्रीमियर लीगमध्ये जाणाऱ्याची झेप तर याहून कितीतरी मोठी असते. म्हणूनच चॅम्पियनशिपच्या प्लेऑफ अंतिम सामन्याला जगातील सर्वांत महागडा फुटबॉल सामना म्हटले जाते.

या किमतीची झळ महाराष्ट्रालाही ओळखीची आहे. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब नोव्हेंबर २०१० पासून पुण्याच्या वेंकीज समूहाकडे आहे. तो तेव्हा प्रीमियर लीगमध्ये होता. २०१२ मध्ये खाली आला आणि पुन्हा वर जाऊ शकलेला नाही. वेन्सडेचा नाट्यमय विजय झाला त्याच मे महिन्यात, चॅम्पियनशिपच्या शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्न मिलवॉलच्या मैदानावर १-३ असा मागे पडला आणि तिथून ४-३ असा जिंकला. गुण झाले ६९. सहाव्या क्रमांकाच्या संडरलंडचेही ६९ च होते, पण केलेले व स्वीकारलेले गोल यांचा फरक त्यांचा सरस होता. ब्लॅकबर्न सातवा राहिला, आणि उपांत्य फेरीचे दार त्याच्यासाठी उघडलेच नाही.

त्यानंतर काय झाले

वेन्सडे २९ मे रोजी वेम्ब्लीवर बार्न्सलीशी खेळला. तो सामनाही जादा वेळेत गेला आणि अगदी शेवटच्या क्षणी, १२० मिनिटे उलटून गेल्यावर, जॉश विंडासच्या हेडरने १-० असा सुटला. महिनाही होण्याआधी प्रशिक्षक मूर आणि क्लब परस्परसंमतीने वेगळे झाले. बढतीने क्लबचे अर्थकारण सुधारले, असेही म्हणता येत नाही: ऑक्टोबर २०२५ मध्ये क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला आणि नियमाप्रमाणे त्याचे १२ गुण कापण्यात आले. चार गोल फेडणाऱ्या क्लबला बिले फेडता आली नाहीत.

पीटरबरो २०२३-२४ मध्ये लीग वनमध्येच राहिला आणि आदल्या वर्षीपेक्षा बराच चांगला खेळला. ८४ गुणांसह चौथा आल्यामुळे या वेळी परतीचा सामना त्यांच्या घरी होता. पाचव्या क्रमांकावरील ऑक्सफर्ड युनायटेडने त्यांना एकत्रित २-१ असे हरवले आणि पुढे अंतिम सामना जिंकून बढती मिळवली. त्या हंगामात ऑक्सफर्डचे गुण होते ७७.